पोरांना रान कोण दाखवणार? आपण की साहेब?



दर वेळी पत्रकाच्या पहिल्या पानावर दाव्यांची यादी, मोर्चाची तारीख आणि कचेरीतली रखडपट्टी असते. या वेळी ते सगळं मागच्या पानावर टाकलं आहे. पहिल्या पानावर आम्ही आपल्या बारक्या पोरांबद्दल लिहितो आहोत. तीन वर्षांचं, पाच वर्षांचं, आठ वर्षांचं पोर. कारण गेल्या पावसाळ्यात जे घडलं ते पाहून आमचं डोकं फिरलं, आणि नंतर विचार केला तेव्हा आमची मानही खाली गेली.

घडलं ते असं. जुलैचा पहिला आठवडा, वनमहोत्सव. आमच्या पट्ट्यातल्या एका शाळेतली दुसरी-तिसरीची पोरं रांगेने बाहेर काढली. हातात पाट्या, 'झाडे लावा, झाडे जगवा'. गाडीतून रोपं आली, साहेब आले, फोटोवाला आला. पोरांना एका उघड्या माळावर नेलं आणि सांगितलं, खणा खड्डे.

तो माळ नव्हता. ते एका कुटुंबाचं वावर होतं. आज्याच्या काळापासून तिथं नागली-वरई होते. दंड भरल्याच्या जुन्या पावत्या त्यांच्या पेटीत आहेत. वनहक्काचा दावा टाकलेला आहे आणि तो अजून निकालात निघालेला नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 4(5) सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला तिथून हुसकायचं नाही. हे साहेबांना पाठ आहे. म्हणून त्यांनी पोलीस आणले नाहीत. पोरं आणली.

त्या रांगेत त्याच कुटुंबाची पोर होती, सात-आठ वर्षांची. ती म्हणाली, "इथं कोळी हाय, खणू नका." पांढरी फुलं आलेली कोळी तिने बोटाने दाखवली. पहिल्या पावसाची भाजी तिच्या आजीने तिथूनच खुडली होती, ही बरोबर होती. तिला उत्तर मिळालं, "ते गवत आहे. खण." तिने खणलं. संध्याकाळी बिस्किटाचा पुडा घेऊन घरी आली आणि आईला म्हणाली, "आपल्या वावरात मी तीन खड्डे खणले."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. गावसभेने पंचनामा केला, प्रांत कचेरीत दिला, पोच घेतली. रोपं गिरीपुष्पाची होती. पोरांच्या हातची रोपं उपटून फेकायला कोणाचा हात धजेना. ती मुळासकट उचलली आणि बांधाला, कुंपणाला लावली. गिरीपुष्पाचा पाला भाताच्या खाचराला खत म्हणून चांगला असतो. झाडाशी आमचं वैर नाही. आमचं वैर त्या दिवशी पोरांना जे शिकवलं त्याच्याशी आहे.

त्या दिवशी पोरं काय शिकली?

एक शिकली की जंगल म्हणजे साहेब गाडीतून आणतात ते. दुसरं शिकली की जे कोणी लावलेलं नाही, ज्याला पिशवी नाही, पाटी नाही, ते गवत. आणि तिसरं शिकली की आपला आईबाप जंगलाचा चोर आहे. हे तिसरं कोणी तोंडाने बोलत नाही. ते भिंतीवर रंगवलेलं असतं. 'जंगल वाचवा' असं लिहिलेल्या चित्रात एक माणूस असतो, हातात कुऱ्हाड, कमरेला लंगोटी, डोक्याला फडकं. तो कोण ते पोराला बरोबर कळतं, त्याच्या बापसासारखाच तर दिसतो. कूप घेणारा ठेकेदार त्या चित्रात नसतो. रात्रीचा निघणारा लाकडाचा ट्रक नसतो. सूर्या धरणाखाली गेलेलं रान नसतं. एक मोळी असते आणि मोळीखाली आपली बाई असते.

1878 साली इंग्रजाने जंगलाचा कायदा केला, 1927 साली तो आणखी आवळला. इंग्रज गेला, कायदा राहिला. 1950 साली वनमहोत्सव सुरू झाला. म्हणजे तेव्हापासून दर पावसाळ्यात सरकार झाडं लावतं आहे, आणि तेव्हापासूनच आपल्या बाया मोळीपायी, मोहापायी, डिंकापायी अडवल्या जात आहेत. आता त्याच सरकारी गाडीतून आपल्या पोरांना निसर्गाची माया शिकवायला माणसं येतात. आम्ही विचारतो, पोराला झाडाची माया लावायची असेल तर त्याच्या आजीला का नाही बोलावत? तिच्याएवढी रानाची खबर त्या गाडीत कोणाला आहे?

आता आपल्या घरात बघू

साहेबाला बोलणं सोपं आहे. आमची मान खाली गेली ती आपल्या घरात बघून. त्या रांगेत तीस-बत्तीस पोरं होती. कोळी ओळखणारी एक निघाली. बाकीच्यांना ते खरंच गवत वाटलं. आपल्याच पाड्यांतली पोरं ती. त्यांना कोळी कोणी दाखवली नाही. साहेबाने तर नाहीच, आणि आपणही नाही.

का नाही दाखवली? पाड्यात बसून विचारलं तर तीन उत्तरं येतात. तिन्हींना आम्ही इथं जबाब देतो.

पहिलं उत्तर आईबापाचं. "आमी रानात मेलो, पोरानी कशाला मरायचं? तिला नर्सबाय करायचीय." हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मोळी वाहून ज्या बाईची मान दुखते तिच्या तोंडचं ते आहे. पण बाई, नर्स होणारीला औषधी झाडपाला ओळखता आला तर ती कमी नर्स होईल का? रान आणि पुस्तक ही एकमेकांची सवत नाहीत. पोराची नजर जिथं तयार होते तिथंच त्याची अक्कल तयार होते. जे पोर पानाच्या शिरा बघून ऐन कोणता आणि किंजळ कोणता ते सांगतं, त्याला अक्षरातला काना-मात्रा ओळखणं जड जात नाही. आणि एक सांगा, रानापासून तोडलेली आपली किती पोरं साहेब झाली? बहुतेक वसई-भिवंडीच्या वीटभट्टीवरच गेली. तिथं ना रान आहे ना शाळा.

दुसरं उत्तर शिकलेल्या तरण्यांचं. "हे जुनं झालं. आता कंप्युटर आला." या पोरांना आम्ही डहाणू तालुक्यातलीच गोष्ट सांगतो. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी काढली. 1957 साली त्या कोसबाडच्या टेकडीवर आल्या. आपल्या वारली पाड्यांत त्यांनी काय केलं? पोरं शाळेत येत नाहीत म्हणून दंड केला नाही, त्या पोरांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. गुरं चारणारी पोरं अंगणातही सापडेनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. गुरं चरतात, पोरं शिकतात, आणि शिकायचं सामान म्हणजे बिया, पानं, खडे, शिंपले. त्या बाया काही मागासलेल्या नव्हत्या. शिक्षणातलं त्या काळातलं नव्यातलं नवं त्यांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक होतं म्हणूनच त्या कुरणात गेल्या. आज अंगणवाडी पाड्यापाड्यात आहे. आत जाऊन बघा. भिंतीवर तक्ता, 'अ अननसाचा'. आपल्या डोंगरावर अननस कोणी पिकवला? आंबा, आवळा, ऐन, आपटा दाराबाहेर उभे आहेत आणि पोर चित्रातल्या अननसाकडे बघत बसलं आहे. यात बाईंचा दोष नाही, त्यांना तक्ता वरून येतो. पण आपण तरी कधी त्यांना आवळ्याची फांदी नेऊन दिली का?

तिसरं उत्तर आपल्याच कार्यकर्त्यांचं, आणि ते आम्हाला जास्त लागतं. "आधी जमीन नावावर होऊ द्या, पोरांचं मग बघू." यावर आम्ही जरा थांबून बोलणार आहोत.

पोराची ओळख हाच पुरावा

वैयक्तिक प्लॉटाचे दावे आपण टाकले. सामूहिक दावे आता टाकतो आहोत. कलम 3(1) मध्ये गौण वनउपज आपल्या मालकीची म्हटली आहे, आणि आपण परंपरेने राखलेलं जंगल राखायचा, त्याचा कारभार करायचा हक्क म्हटला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा गावांनी 2009 साली हा सामूहिक हक्क मिळवला. तो आपणही मिळवू शकतो.

पण पुरावा काय द्यायचा? साहेब उपग्रहाचा फोटो मागतात. 2008 च्या नियमांतला नियम 13 काढून वाचा. सामूहिक हक्कासाठी तिथं काय काय पुरावा म्हणून धरलं आहे? पूर्वापार गुरं चारायची जागा. कंदमुळं काढायची जागा. रानफळं, चारा, वनउपज गोळा करायची जागा. मासे धरायची जागा. माणसांच्या आणि गुरांच्या पाण्याची जागा. वैदू-भगत झाडपाला काढतात ती जागा. देवाची झाडं, देवराया, मसणवट. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. ही यादी कचेरीत सापडत नाही. ती आजीबरोबर रानात चालणाऱ्या पोराच्या पायात असते.

एका पाड्यातली पडताळणी आम्ही डोळ्यांनी पाहिली. वनहक्क समिती, तलाठी, वनखात्याची माणसं असे सगळे डोंगराच्या पायथ्याशी जमले. विचारलं, कडूकंद कुठं काढता? पंचवीस-तीस वर्षांचे आमचे जवान एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मोर्चात सगळ्यात पुढं असणारे, घोषणा देऊन घसा बसवणारे हे जवान. कंद खाल्लेला सगळ्यांनी, काढलेला कोणीच नाही. शेवटी पाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई, जिला चालवत नव्हतं, तिला झोळीत घालून वर नेली. आजारी माणूस दवाखान्यात नेतो तशी. तिने झोळीतून हात काढून एक एक जागा दाखवली. कंदाची, पाण्याच्या झऱ्याची, जुन्या खळ्याची, वाघदेवाची. सगळं लिहून घेतलं, अंगठा घेतला. त्याच हिवाळ्यात ती गेली. चार महिने उशीर झाला असता तर त्या डोंगराचा पुरावा तिच्याबरोबर मातीत गेला असता.

म्हणून आधी जमीन, मग पोरं, असं म्हणणाऱ्या साथींना आमचं सांगणं आहे की या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. जी जागा पोराला माहीत नाही ती दहा-वीस वर्षांनी गावाची राहात नाही, मग कागद कोणाच्याही नावावर असो. आणि उद्या सामूहिक हक्काचा कागद हातात आला की कलम 5 लागतं. रान, जनावरं, पाणी राखायची जबाबदारी आपल्या गावसभेवर येते. राखणार कोण? ज्याला कोळी आणि गवत यातला फरक कळत नाही तो?

कसं दाखवायचं?

यासाठी पैसा लागत नाही, संस्था लागत नाही, शिबिर लागत नाही. रोजच्या कामात पोराला बरोबर घ्यायचं, आणि आपल्या वेगाने चालायचं सोडून त्याच्या वेगाने चालायचं. अवघड काय ते हेच. आमची सवय, "चल लवकर, काय बघत बसलास." ते बघत बसलेलं असतं तेच त्याचं शिक्षण.

तीन ते पाच वर्षांचं पोर असेल तर त्याला डोंगर चढवायची गरज नाही. अंगण आणि परसू पुरतो. पळस, साग, मोह, आंबा, ऐन अशी पाच पानं आणा. डोळे मिटून हाताने ओळखायला लावा. सागाचा कोवळा शेंडा त्याच्या तळहातावर चोळा, हात लाल होतो. ते पोर साग जन्मात विसरणार नाही. पहिल्या पावसाला मृगाचा लाल मखमली किडा निघतो. तळहातावर घेऊ द्या, चालू द्या, मग जिथून उचलला तिथंच सोडायला लावा. घ्यायचं, बघायचं, परत ठेवायचं. राखण्याचा पहिला धडा एवढाच असतो.

पाच ते आठचं पोर ओढ्यावर न्या. चिंबोरीचं बीळ ओलं कधी आणि रिकामं कधी ते त्यालाच शोधू द्या. चिंबोरी धरली की तिची पोटाची घडी उघडून बघायची. आत अंडी किंवा पिल्लं असली तर परत पाण्यात. जूनमध्ये शेवळं काढायला न्या. शेवळं घसा खाजवतात म्हणून काकड घालून शिजवायची, हे चुलीपाशी बसवून दाखवा. कडूकंद चिरून, उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात का ठेवायचा ते त्याला विचारा. विचारलं की लगेच उत्तर देऊ नका. सकाळी त्याच्या जिभेवर एक काप ठेवा. उत्तर त्याचं त्याला कळेल. कंद काढला की वरचं डोकं परत मातीत पुरायचं काम पोराच्याच हाताने करा. पुढच्या वर्षी त्याच जागी न्या. स्वतः पुरलेलं उगवलेलं बघितलं की त्या पोराला 'झाडे जगवा'ची पाटी धरायला लावायची गरज नाही.

आठच्या पुढच्या पोरांना शीव दाखवा. कुठल्या नाल्याला काय नाव, कुठल्या धोंड्याला काय नाव, आणि ते नाव का पडलं. घरी आल्यावर तांदळाचं पीठ आणि गेरू घ्या, कुडाच्या भिंतीवर रानाचा नकाशा काढू द्या. आपल्या बायांना लग्नाचा चौक काढता येतो, मग पोरांना नकाशा का नाही यायचा? चुकला तर म्हातारा सांगेल, "झरा अलीकडं, मोह पलीकडं." पुसायचं, परत काढायचं.

म्हातारा-म्हातारी घरात असतील तर हे काम त्यांचं. त्यांना घरात बसवून ठेवलं आहे, आणि पोरही घरात बसून आहे. दोघांना एकत्र बाहेर सोडा. पोर हळू चालतं, म्हातारीही हळू चालते. जोडी बरोबर जमते.

भीती घालू नका, नियम घाला

"रानात जाऊ नको, भूत धरील," असं सांगून पोराला अडवणं सोपं असतं. पण भुताला भिणारं पोर सापाला ओळखत नाही. त्यापेक्षा नियम सांगा. बिळात हात घालायचा नाही. धोंडा उचलायचा तर पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे खालचा विंचू-साप आपल्या अंगावर न येता पलीकडे जातो. बिब्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात. खाजकुयलीच्या शेंगेला हात नाही. अनोळखी अळंबी तोंडात नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, हे चार विषारी पोराला लांबून ओळखता आले पाहिजेत. आणि मोठ्यांसाठी नियम, साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चावलेला हातपाय हलू न देता पोराला उचलून आधी दवाखाना. भगताकडे नंतर जा.

आपलीही पापं मोजू

साहेबाला चोर म्हणायचं असेल तर आपले हात स्वच्छ पाहिजेत. ओढ्यात पावडर टाकून एका रात्रीत लहान-मोठे सगळे मासे मारणारे आपलेच काही जण आहेत. मोहाखाली फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाचोळा पेटवून देणारे आपलेच आहेत. ती आग पुढं डोंगराला लागते, कोवळी झाडं जळतात, आणि दोष सगळ्या पाड्याला येतो. झाडून वेचलं तर मोहाचं काय बिघडतं? पोर बरोबर असेल तर ते झाडून वेचायला मदतच करील. अंड्यावर बसलेल्या पाखरावर गलोल मारणाऱ्या पोराला आपण हसून शाबासकी देतो. ती शाबासकी बंद करा. पोर आपलं बोलणं ऐकत नाही, आपले हात बघतं. ज्याच्या बापसाने पावडर टाकली त्याला चिंबोरी सोडायला कोण शिकवणार?

आपल्या जुन्या माणसांनी रीत घालून दिली होती. पहिल्या पावसाची कोळी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही. वाघबारशीला वाघदेवाला नारळ फोडायचा. देवाच्या झाडाला कुऱ्हाड नाही. शिकलेले म्हणतात, ही अंधश्रद्धा. आम्ही म्हणतो, यात हावरेपणाला लावलेला लगाम आहे तो बघा. घाई करू नको, सगळं ओरबाडू नको, ज्याची भीती वाटते त्यालाही रानात जागा दे. हे पोराला सांगताना देवाची गोष्ट सांगा आणि तिचं कारणही सांगा.

आश्रमशाळेतली पोरं

सहा वर्षांचं पोर आश्रमशाळेत जातं. जूनमध्ये आत, दिवाळीला बाहेर. म्हणजे कोळी, शेवळं, चिंबोऱ्या, लावणी हे रानाचं सगळ्यात भरलेलं पुस्तक उघडं असतं तेव्हा पोर खोलीत असतं. दहा वर्षं असं केलं की ते पोर पाड्यात पाहुणं होतं. आश्रमशाळा बंद करा असं आम्ही म्हणत नाही. तिथं दोन वेळचं जेवण आहे, शिक्षण आहे, त्यासाठीही आपण भांडतोच. पण ती रानाच्या मध्यावर असून तिचं दार रानाकडे बंद का? गुरुजींना आमचा नमस्कार, त्यांनी आमच्यावर रागावू नये. आठवड्यातून एक दुपार पोरांना बाहेर काढा, पाड्यातला एक म्हातारा बरोबर द्यायची जबाबदारी आमची. परीक्षेत त्याचे मार्क नसतील तर नसू देत.

गावसभेत घ्यायचे ठराव

1996 च्या पेसा कायद्याने आपली रीतभात आणि आपली सामूहिक साधनं राखायचा अधिकार गावसभेला दिला आहे. तो वापरा. पुढच्या गावसभेत हे ठराव मांडा, बायांच्या सह्या-अंगठे आधी घ्या.

1. गावसभेच्या लेखी ठरावाशिवाय कोणत्याही जमिनीवर झाडं लावायला शाळेची पोरं न्यायची नाहीत. दावा चालू असलेल्या जमिनीवर तर मुळीच नाही.

2. महिन्यातून एक दिवस पाड्यातली सगळी लहान पोरं आणि दोन-तीन जाणती म्हातारी माणसं रानात जातील. मजुरी बुडणाऱ्याच्या घरी बाकीचे धान्य देतील.

3. अंगणवाडीत आपल्या रानाच्या पानांचा, बियांचा तक्ता आपण करून द्यायचा. बाईंना त्रास न देता, मदत म्हणून.

4. ओढ्यात पावडर टाकणाऱ्याला आणि मोहाखाली आग लावणाऱ्याला गावसभा दंड करील. तो संघटनेचा सभासद असला तर दुप्पट.

5. म्हाताऱ्यांचे जबाब पुढच्या पावसाआधी लिहून घ्यायचे. लिहिताना पाड्यातली पोरं शेजारी बसवायची. लिहिता येणाऱ्या पोराने लिहायचं.

6. शाळेच्या भिंतीवर कुऱ्हाडवाल्याचं चित्र असेल तर गुरुजींशी नीट बोलून ते बदलून घ्यायचं. त्या जागी आपल्या बाया चित्र काढतील.

सहा ठरावांतला एकही ठराव कोणा साहेबाच्या सहीसाठी अडत नाही. बाकी लढाईत आपण वाट बघतो, तारीख पडते, फाइल हरवते. इथं तारीख आपली आणि फाइलही आपली.

जाता जाता ती पोर. या जूनमध्ये खड्ड्यांच्या कडेने कोळी परत फुटली. तिने शेजारची चार पोरं नेली आणि दाखवली. आता त्या पाड्यात कोळी ओळखणारी पाच पोरं आहेत. पुढच्या वेळी कोणी "ते गवत आहे" म्हणाला तर पाच तोंडं एकदम बोलतील. तुमच्या पाड्यात किती आहेत? मोजा, आणि पुढच्या बैठकीला येताना आकडा घेऊन या. हे पत्रक ज्याला वाचता येत नाही त्याला मोठ्याने वाचून दाखवा, पोरं जवळ बसवून.

जल-जंगल-जमीन आमची, आणि ती ओळखणारी पोरंही आमची!

जिंदाबाद!